अल्सरची गोळी आणि ब्राझीलच्या बायका

१९८६ साली ब्राझीलमधल्या औषधांच्या दुकानांत ‘सायटोटेक’ नावाची एक नवी गोळी आली. अमेरिकेतल्या सर्ल कंपनीने ती जठरातल्या व्रणांसाठी, म्हणजे आपण ज्याला अल्सर म्हणतो त्यासाठी काढली होती. गोळीतलं औषध मिसोप्रोस्टॉल. गरोदरपणी ती घेऊ नये, अशी सूचना तिच्यासोबत होती. ब्राझीलमध्ये १९४० च्या दंडसंहितेनुसार गर्भपात हा गुन्हा आहे. पाळी चुकलेल्या आणि दिवस राहू द्यायचे नसलेल्या बाईने ती सूचना वाचली, किंवा दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडून ऐकली, आणि तिला जे कळायचं ते कळलं. पुढच्या चार-पाच वर्षांत ही गोळी बायकांनीच एकमेकींना सांगितली. डॉक्टरांच्या लक्षात ती नंतर आली, इस्पितळात येणाऱ्या बायकांची अवस्था पूर्वीपेक्षा वेगळी दिसू लागली तेव्हा.

आज घरच्या घरी गोळ्यांनी गर्भपात करण्याची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे, तिच्यामागे या ब्राझीलच्या बायकांचा मोठा वाटा आहे. तो त्यांच्या नावावर फारसा कुणी मांडत नाही. म्हणून ही गोळी शरीरात काय करते, ब्राझीलमध्ये तिचं पुढे काय झालं आणि बंदी घातली की धोका नेमका कुठून येतो, हे सावकाश समजून घेऊ.

सुरुवात जठरापासून. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जागोजागी तयार होतात. जिथे तयार होतात तिथेच आसपास काम करून ती संपतात. जठरात ती आम्ल कमी ठेवतात आणि आतल्या अस्तरावरचा बुळबुळीत थर टिकवतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं ही द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं थांबतं, पण जठराचं संरक्षणही जातं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं अशा गोळ्या खाणाऱ्यांना अल्सर होतो तो यामुळे. यावर सरळ उपाय म्हणजे प्रोस्टाग्लँडिन बाहेरून देणं. पण नैसर्गिक प्रोस्टाग्लँडिन तोंडाने घेतलं तर टिकत नाही. सर्लच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये त्याच्या रेणूत थोडा फेरफार करून पोटात गेल्यावरही टिकेल असं द्रव्य बनवलं. तेच मिसोप्रोस्टॉल. ते स्वस्त आहे, त्याला फ्रिज लागत नाही, फक्त ओल लागू द्यायची नसते.

आता पेच असा, की जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर हे औषध ज्या प्रकारच्या ग्राहींना जाऊन चिकटतं, त्याच प्रकारचे ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतात. तिकडे आम्ल कमी होतं, इकडे गर्भाशय आकसतं. शिवाय गर्भाशयाचं मुख मऊ पडून उघडू लागतं. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात येणाऱ्या कळा शरीराच्या स्वतःच्या प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात, आणि बाळंतपणाच्या वेळीही ती कामाला लागतात. गोळी हीच क्रिया बाहेरून, वेळेआधी सुरू करते.

म्हणून गोळी लागू पडल्यावर जे घडतं, ते आपोआप झालेल्या गर्भपातासारखंच असतं. काही तासांत कळा सुरू होतात, पाळीच्या कळांपेक्षा जोरात. अंगावरून जाऊ लागतं, गाठी पडतात. बरोबर हुडहुडी भरते, थोडा ताप येतो, मळमळतं, जुलाब होतात. गर्भ पडून गेला की कळा ओसरतात, आणि थोडंथोडं अंगावरून जाणं पुढे आठवडा-दोन आठवडे चालू राहतं. तपासणाऱ्या डॉक्टरला आपोआप झालेला गर्भपात आणि असा गर्भपात यांत फरक दिसत नाही, आणि उपचार दोन्हींचा एकच असतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

किती दिवस भरले आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत गर्भाशय या औषधाला कमी दाद देतं, त्यामुळे मात्रा जास्त लागते. दिवस वाढत जातात तसं ते जास्त संवेदनशील होतं. सुरुवातीला जी मात्रा योग्य, तीच पाचव्या-सहाव्या महिन्यात घातक ठरू शकते, विशेषतः आधी सिझेरियन झालेलं असेल तर, कारण जुन्या टाक्यांवर गर्भाशय फाटण्याची भीती असते. आणि गर्भ गर्भाशयात नसून नळीत राहिलेला असेल, तर या गोळीचा काहीच उपयोग होत नाही. नळी फुटण्याचा धोका तसाच राहतो.

गोळ्यांनी गर्भपात करण्याच्या पद्धतीतलं दुसरं औषध मिफेप्रिस्टोन. ते फ्रान्समध्ये रुसेल-उक्लाफ कंपनीत १९८० च्या सुमारास तयार झालं आणि १९८८ मध्ये तिथे त्याला परवानगी मिळाली. गर्भ टिकून राहतो तो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं आणि स्नायूंना शांत ठेवतं. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहींवर जाऊन बसतं, पण प्रोजेस्टेरॉनचं काम मात्र करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसं. रुमाल प्रवास करत नाही, पण ज्याला बसायचं त्यालाही बसता येत नाही. प्रोजेस्टेरॉनचा संदेश थांबला की अस्तर सुटू लागतं आणि गर्भाशय आकसायला तयार होतं. मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल दिलं की काम जवळजवळ नक्की होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक बायकांना पुढे कोणतीही शस्त्रक्रिया लागत नाही. नुसत्या मिसोप्रोस्टॉलने हे प्रमाण थोडं कमी राहतं, आणि कळा, जुलाब, हुडहुडी यांचा त्रास जास्त होतो. पण मिफेप्रिस्टोनची ओळख गर्भपाताचं औषध म्हणूनच आहे, त्यामुळे जिथे गर्भपात बेकायदा तिथे ते सहसा मिळतच नाही. मिसोप्रोस्टॉल अल्सरच्या नावाने येतं. ब्राझीलमध्ये घडलं ते त्यामुळे.

सायटोटेक येण्याआधी ब्राझीलची गरीब बाई काय करत होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जडीबुटी बाटलीत मुरवून केलेले काढे प्यायचे. विणकामाची सुई, तार. पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या योनीमार्गात ठेवायच्या, ज्यांनी आतली त्वचा भाजून जखमा व्हायच्या आणि रक्त यायचं ते त्या जखमांचं, गर्भ तसाच. सर्वांत जास्त चालायची ती रबरी नळी. ती कुणीतरी बाई गर्भाशयात सरकवून देई आणि दिवसभर तशीच ठेवायला सांगे. नळीतून जंतू आत जात, गर्भाशय पिकत असे, विष रक्तात पसरत असे. ज्या वाचत, त्यांतल्या काहींची गर्भाशयं काढावी लागत. श्रीमंतांच्या बायका यातून जात नव्हत्या. मोठ्या शहरांत पैसे मोजले की स्वच्छ खोलीत, गुपचूप, डॉक्टरच्या हातून काम होई. दंडसंहितेचं कलम दोघींना सारखं लागू होतं, शिक्षा एक ते तीन वर्षं. पण शरीराची शिक्षा एकीच्याच वाट्याला येई.

या पार्श्वभूमीवर गोळी आली. तिच्यात सुई नव्हती, नळी नव्हती, गर्भाशयात काही घालायचं नव्हतं. ब्राझीलमध्ये तेव्हा ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळे. फोर्टालेझा आणि रिओ दे जानेरो इथल्या इस्पितळांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जे अभ्यास झाले, त्यांत बायकांनी सांगितलं की ही माहिती त्यांना मैत्रिणींकडून, नात्यातल्या बायकांकडून आणि औषध दुकानातल्या लोकांकडून मिळाली. हे अभ्यास १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. रिओच्या अभ्यासात गर्भपातानंतरच्या त्रासासाठी दाखल झालेल्या आठशेहून थोड्या जास्त बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मिसोप्रोस्टॉल घेतलं होतं. कुणी एकच गोळी घेतली होती, कुणी कितीतरी. कुणी तोंडाने, कुणी तोंडाने आणि योनीमार्गातूनही. पण मधला आकडा होता ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चार गोळ्या. पुढे प्रयोगशाळांनी आणि मोठमोठ्या चाचण्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांसाठी एका वेळची जी मात्रा ठरवली, ती हीच. त्या बायकांच्या हातात कोणतंही पुस्तक नव्हतं. एकीने केलं, दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. औषधशास्त्राच्या इतिहासात याला योग्य ती जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांना दिसलं ते असं. गर्भपात अर्धवट झालेल्या बायका पूर्वीसारख्याच येत होत्या, पण नळी वापरलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग जितका दिसे तितका गोळी घेतलेल्यांमध्ये दिसत नव्हता. बऱ्याच बायका एक युक्ती वापरत होत्या. गोळी घ्यायची, अंगावरून जायला लागलं की इस्पितळ गाठायचं. आपोआप गर्भपात होतोय म्हटल्यावर डॉक्टरला पिशवी साफ करावीच लागे. कायद्याने बंद केलेला दरवाजा असा मागच्या बाजूने उघडला. दाखल होणाऱ्यांची संख्या एकदम घटली नाही याचं हेही एक कारण. आकडा तोच राहून आजाराची तीव्रता उतरली, आणि ज्यांनी फक्त आकडा पाहिला त्यांना गोळी हीच समस्या वाटली.

झालंही तसंच. १९९१ मध्ये ब्राझील सरकारने गोळीच्या विक्रीवर निर्बंध आणले. १९९८ मध्ये मिसोप्रोस्टॉल विशेष नियंत्रणाच्या यादीत गेलं. तेव्हापासून ते फक्त नोंदणी केलेल्या इस्पितळांत मिळतं, दुकानात अल्सरसाठीसुद्धा नाही. त्याच वर्षी दंडसंहितेत दुरुस्ती होऊन बनावट किंवा नोंदणी नसलेलं औषध विकण्याला दहा ते पंधरा वर्षांची कैद ठरली. साध्या खुनाला तिथे किमान शिक्षा सहा वर्षांची आहे. पुढे सायटोटेक विकणाऱ्यांवर हेच कलम लावलं जाऊ लागलं.

गोळी मात्र गेली नाही. ती काळ्या बाजारात गेली, काही ठिकाणी अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या हाती गेली. सुटी गोळी मिळू लागली, पाकिटाशिवाय, कागदाशिवाय, मुदतीच्या तारखेशिवाय. किंमत वाढली. बनावट गोळ्या आल्या. आणि सर्वांत मोठं नुकसान म्हणजे औषध दुकानातला तो माणूस मधून गेला. त्याला सगळं ठाऊक नव्हतं, पण गोळी खरी आहे एवढं तरी तो सांगू शकत होता. आता विकणारा लपलेला, घेणारी लपलेली, आणि विचारायचं कुणाला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात म्हटलं आहे की बारा आठवड्यांच्या आत बाई ही सारी प्रक्रिया स्वतः पार पाडू शकते. त्याला तीन अटी आहेत: नेमकी माहिती, चांगल्या दर्जाचं औषध, आणि गरज पडली तर जाता येईल असा दवाखाना. गोळीचा स्वतःचा धोका कमी आहे तो या तीन गोष्टी असतील तर. बंदी या तिन्हींवर एकाच वेळी घाव घालते. ब्राझीलमध्ये तो घाव कसा बसला ते एकेक करून पाहू.

आधी माहिती. मात्रा कमी पडली, किंवा गोळी बनावट असल्याने अर्धवट लागू झाली, तर गर्भ टिकू शकतो. मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भाशय जोरात आकसताना वाढत्या गर्भाचा रक्तपुरवठा खंडित होतो, आणि त्यातून क्वचित व्यंग राहतं. मोबियस सिंड्रोम नावाची एक दुर्मीळ अवस्था आहे. तिच्यात चेहऱ्याच्या नसा लुळ्या राहतात. बाळाला हसता येत नाही, नजर बाजूला वळवता येत नाही. ब्राझीलमधल्या अशा ९६ बाळांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे निम्म्या बाळांच्या आयांनी गरोदरपणी मिसोप्रोस्टॉल घेतलं होतं. हे व्यंग मुळात इतकं विरळ आहे, की गोळी घेऊनही गर्भ टिकला तरी बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. पण योग्य मात्रा आणि नंतरची तपासणी मिळाली असती तर यातली बरीच दुःखं टळली असती, हे त्या आयांना कोण सांगणार?

मग औषध. इंटरनेट आल्यावर रेबेका गोम्पर्ट्स या डच डॉक्टर बाईंनी ‘विमेन ऑन वेब’ ही संस्था सुरू केली. बाईने प्रश्नावली भरायची, डॉक्टर ती तपासणार, आणि गोळ्या टपालाने येणार. २०१५-१६ मध्ये झिका विषाणूची साथ आली, बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते असं कळलं, आणि ब्राझीलमधून या संस्थेकडे येणाऱ्या विनंत्या अपेक्षेपेक्षा दुपटीहून जास्त झाल्या. सरकार डासांपासून सांभाळा, दिवस राहू देऊ नका असं सांगत होतं. राहिले तर काय करायचं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ब्राझीलच्या सीमाशुल्क खात्याने अशी टपालाची पाकिटं जप्त केल्याच्या नोंदी आहेत. पाकीट अडकलं की आठवडे जातात, आणि सहाव्या आठवड्यात सोपं असलेलं काम बाराव्या आठवड्यात तितकं सोपं राहत नाही.

आणि दवाखाना. याबद्दल बोलताना मला सर्वांत जास्त त्रास होतो. जास्त रक्त जाऊ लागलं तर इस्पितळात जायचं, ही साधी गोष्ट. पण ब्राझीलमध्ये बाईवर संशय आला म्हणून इस्पितळातल्याच कुणीतरी पोलिसांना कळवलं, असं वारंवार झालं आहे. २००७ मध्ये कांपो ग्रांदे या शहरात एका दवाखान्यावर छापा पडला आणि जवळजवळ दहा हजार बायकांचे वैद्यकीय कागद पोलिसांनी ताब्यात घेतले. त्या शहरातल्या बाईला नंतर रक्तस्राव होत असताना काय वाटलं असेल? ती वाट बघते. चादर भिजते, चक्कर येते, तरी बघते. गोळीने सहसा मरण येत नाही. उशिरा पोचल्याने येतं. आणि वर सांगितलंच, की आपोआप झालेल्या गर्भपाताचा आणि याचा उपचार एकच. तिला बरं करण्यासाठी डॉक्टरला तिचा कबुलीजबाब लागत नाही.

लपून चालणारी गोष्ट मोजायची कशी, याचं उत्तर ब्राझिलिया विद्यापीठातल्या देबोरा दिनिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. २०१० मध्ये त्यांनी शहरी भागातल्या १८ ते ३९ वयाच्या सुमारे दोन हजार साक्षर बायकांची पाहणी केली. प्रश्न विचारायला बायकाच जात. गर्भपाताचे प्रश्न मात्र तोंडी विचारायचे नाहीत. एक कागद द्यायचा, बाईने तो स्वतः भरायचा आणि मतपेटीसारख्या बंद पेटीत टाकायचा. समोर बसलेल्या बाईलाही उत्तर कळत नाही. त्या पेट्यांतून निघालं ते असं: पस्तिशी ओलांडलेल्या दर पाच बायकांपैकी एकीहून जास्त जणींनी आयुष्यात कधीतरी गर्भपात केला होता. सुमारे निम्म्या जणींनी औषध वापरलं होतं. त्यांत विवाहित होत्या, मुलं असलेल्या होत्या, चर्चला जाणाऱ्या कॅथलिक आणि इव्हँजेलिकल होत्या. २०१६ मध्ये आणि २०२१ मध्ये ही पाहणी पुन्हा झाली. दिनिझना ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या आणि २०१८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

याच खंडात दुसरी वाट दाखवली ती शेजारच्या उरुग्वेने. तिथेही गर्भपात गुन्हा होता. माँतेविदेओच्या पेरेइरा रोसेल इस्पितळात २००१ च्या सुमारास बायका बेकायदा गर्भपाताने मरताना पाहून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी, त्यांत लिओनेल ब्रिओसो होते, कायदा बारकाईने वाचला. गर्भपात करणं गुन्हा. पण बाईला आधी तपासणं, किती दिवस झाले ते सांगणं, धोके समजावणं, कोणत्या पद्धती जीवघेण्या आणि कोणत्या कमी धोक्याच्या ते सांगणं, आणि नंतर परत आल्यावर उपचार करणं, यातलं काहीच गुन्हा नाही. मधली गोष्ट, गोळी मिळवणं आणि घेणं, बाई स्वतः करेल. आधी आणि नंतर डॉक्टर. २००४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ही पद्धत देशभरासाठी मान्य केली. असुरक्षित गर्भपाताने होणारे मृत्यू ओसरले. २०१२ मध्ये उरुग्वेने पहिल्या बारा आठवड्यांतला गर्भपात कायदेशीर केला. कायदा बदलण्याआधी अकरा वर्षं डॉक्टरांनी नुसतं बोलून जीव वाचवले, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

गोळ्यांमुळे ‘सुरक्षित’ या शब्दाची मोजणीही बदलावी लागली. पूर्वी हिशेब सोपा होता: कायदेशीर तो सुरक्षित, बेकायदा तो असुरक्षित. पण फोर्टालेझातली घरी गोळी घेणारी बाई आणि गर्भाशयात नळी घालून घेणारी बाई एकाच रकान्यात कशा बसणार? जागतिक आरोग्य संघटनेतल्या डॉ. बेला गणात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तीन रकाने केले: सुरक्षित, कमी सुरक्षित, सर्वांत असुरक्षित. २०१० ते २०१४ या काळात जगभरात वर्षाला सुमारे साडेपाच कोटी गर्भपात होत होते. त्यांतले ५५ टक्के सुरक्षित, ३१ टक्के कमी सुरक्षित आणि १४ टक्के सर्वांत असुरक्षित. मधल्या रकान्यात गोळी योग्य पण सोबत माहिती आणि मदत नाही, अशा बायका येतात. डॉ. गणात्रा पूर्वी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात होत्या, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या गर्भपातांवर त्यांनी तिथूनच काम केलं होतं.

या गोळीचा आणि आपल्या भागाचा आणखी एक संबंध आहे. गर्भाशय आकसवणारं औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्रावही थांबवतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या खेड्यांत एक चाचणी केली आणि ती २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. १,६२० बायकांची बाळंतपणं नर्सबाईंनी घरी किंवा उपकेंद्रात केली. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांच्या खाली आलं. तिथे ना फ्रिज होता, ना सलाईन. एका देशाने गुन्ह्याचं साधन म्हणून कुलपात घातलेली गोळी इथे बाळंतिणींना वाचवत होती.

आपल्याकडे गर्भपात ब्राझीलसारखा बेकायदा नाही. १९७१ च्या कायद्याने तो डॉक्टरांकडून, ठरावीक कारणांसाठी करून घेता येतो. मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि गोळ्यांनी गर्भपात आता नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. पण भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात, जुन्या दंडसंहितेच्या ३१२ प्रमाणेच, स्वतः गर्भपात घडवून आणणारी बाई आजही गुन्हेगार ठरू शकते. २०१५ मध्ये भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे कायदा असूनही आपल्या कितीतरी बायका ब्राझीलच्या बायकांसारख्याच एकट्याने हे निभावतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये परळीत उघडकीस आलेल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर गर्भलिंगनिदानावर कारवाईचा जोर वाढला. ती कारवाई हवीच होती. पण त्या झपाट्यात गर्भपाताच्या गोळ्यांच्या किटवरही धाड पडली, आणि कटकट नको म्हणून बहुतांश मेडिकलवाल्यांनी ते ठेवणंच बंद केलं. सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण बारा-तेरा आठवडे जावे लागतात. किट नऊ आठवड्यांपर्यंतचं. मुलगी आहे म्हणून पाडणाऱ्यांना त्या गोळ्या उपयोगाच्या नव्हत्याच. अडली ती वेळेत निर्णय घेतलेली बाई.

तिकडे ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्या बारा आठवड्यांतला गर्भपात गुन्ह्याच्या कक्षेतून काढावा, असा एक अर्ज २०१७ पासून आहे. तेव्हाच्या सरन्यायाधीश रोझा वेबर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये, निवृत्त होण्याच्या काही दिवस आधी, त्याच्या बाजूने मत नोंदवलं.

वाचकांपैकी कुणाच्या घरात, शेजारात अशी वेळ आली तर काही गोष्टी लक्षात ठेवा. सलग दोन तास, तासाला दोन मोठी पॅड भिजतील इतकं रक्त जात असेल. गोळीनंतर दिवस उलटूनही ताप असेल. अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी असेल. पोटात एकाच बाजूला असह्य दुखत असेल, खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल. किंवा गोळी घेऊनही रक्तच गेलं नसेल, तर थांबू नका, तिला इस्पितळात न्या. मूल नको असेल तर जितक्या लवकर डॉक्टरकडे जाल तितकं सोपं. सरकारी रुग्णालयातही ही सोय आहे. बाईचं नाव उघड करायला डॉक्टरला कायद्याने मनाई आहे, आणि बाई अठरा वर्षांची पूर्ण असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही.